घरी केलेली एकतारी

आमच्या गावच्या देवळात दर एकादशीला भजन असते. टाळ आहेत, मृदंग आहे, पेटीही आहे. पण गाणाऱ्याचा सूर धरून ठेवते ती एकतारी.

भजन सांगणारे बुवा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना ऐकू कमी येते. मृदंगाची थाप जमिनीतून पायाला लागते, म्हणून ती त्यांना कळते. पेटीचा सूर मात्र दहा माणसांच्या गलक्यात त्यांना सापडत नाही. मग ते काय करतात? एकतारीची दांडी खांद्याला लावतात. मान कलती करून दांडी कानामागच्या हाडाला टेकवतात. तार छेडली की दांडी थरथरते. ती थरथर हाडातून कानाच्या आत पोचते. बुवांना सूर मिळतो आणि ते गाऊ लागतात.

२०२१ च्या पावसाळ्यात ही एकतारी भिंतीवरून खाली पडली आणि तिचा भोपळा फुटला. पुढच्या एकादशीला बुवा दोनच अभंग गाऊन खाली बसले. मला म्हणाले, "मास्तर, अंधारात चालल्यागत होतंय."

मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. हाताला काम नव्हते. बोलून गेलो, "बुवा, मी करून देतो की!"

बोलायला काय लागते? त्या एका एकतारीला मला दोन वर्षे लागली. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमली. त्या चुकांसकट सारे इथे सांगतो. तुमचा वेळ तरी वाचेल.

तार कशी बोलते

आधी एक गोष्ट करून पाहा. भिंतीत दोन खिळे मारा. त्यांच्यामध्ये एक बारीक तार ताणून बांधा आणि छेडा. आवाज येतो, पण अगदी बारीक. आता तीच तार एका रिकाम्या पत्र्याच्या डब्यावरून ताणा. तार आणि डबा यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा ठेवा आणि छेडा. आवाज खोलीभर होतो.

तार तीच, मग फरक कशाने पडला? तार बारीक असते. ती हवेला कापत जाते, हवेला ढकलू शकत नाही. लाकडाच्या तुकड्यातून तिची थरथर डब्याच्या पत्र्याला लागते. पत्रा रुंद असतो. तो थरथरला की पुष्कळ हवा हलते. तो आवाज आपल्याला ऐकू येतो.

एकतारीत डब्याच्या जागी भोपळा असतो आणि पत्र्याच्या जागी चामडे असते. लाकडाच्या तुकड्याला घोडी म्हणतात, कारण तार तिच्यावर स्वार होते. चामडे जितके मोकळे थरथरेल तितकी एकतारी बोलेल. हे मला दुसरी एकतारी बिघडल्यावर समजले.

भोपळा

भाजीचा दुध्या भोपळा यासाठी घेत नाहीत. वाद्याचा भोपळा त्याच जातीचा, पण कडू असतो. त्याची साल जाड आणि टणक होते. तो कोणी खाऊ नये, त्याने विषबाधा होते. त्याचा वेल भाजीच्या वेलापासून दूर लावावा आणि बियाही वेगळ्या ठेवाव्यात.

बी मृगात टोकले तर भोपळे हिवाळ्यात जून होतात. भोपळा वेलावरच वाळू द्यावा. देठ तपकिरी आणि कोरडा झाला की तो देठासकट काढावा. मग सावलीत, वारा लागेल असा टांगून ठेवावा. दोन-तीन महिने तरी त्याला हात लावू नये. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या आणि टिचकी मारल्यावर लाकडासारखा टणटण आवाज आला, म्हणजे तो तयार झाला.

इथेच मी पहिल्यांदा चुकलो. दसऱ्याला भोपळा तोडला. त्याचा रंग पिवळा होता, वजनही बरे होते. वाटले, वाळला आहे. दिवाळीत कापला. आतला गर ओलाच होता. तो खरवडून काढला आणि भोपळा उन्हात ठेवला. चार दिवसांत त्याची एक बाजू आत बसली आणि कडेला बुरशी आली. आमच्या घरातून शेरा मिळाला, "शाळेत पोरांना घाई करू नका म्हणत होतात ना?"

तेव्हापासून मी भोपळ्यावरच पेन्सिलीने तारीख लिहितो. 'तोडला, अमुक तारीख.' त्याखाली दर महिन्याचे वजन लिहितो. वाण्याच्या तराजूवर वजन करतो. ओला भोपळा दर महिन्याला हलका होत जातो. दोन महिन्यांचे वजन सारखे आले म्हणजे आतले पाणी गेले. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. हे लिहायला दोन ओळीही लागत नाहीत. तीस वर्षे हजेरी लिहिलेल्या माणसाने ते केले नाही, म्हणून त्याचा भोपळा सडला.

नऊ इंच रुंद आणि चांगला गोल भोपळा घ्यावा. वरचा भाग बारीक दातांच्या करवतीने कापून सहा इंचांचे तोंड करावे. आतला वाळका गर चमच्याने किंवा पत्र्याच्या तुकड्याने खरवडावा. त्या वेळी नाकातोंडाला फडके बांधा. ती पूड फार कडू असते आणि ठसका लागतो. मी फडके बांधले नाही, तर संध्याकाळचा चहासुद्धा कडू लागला.

दांडी आणि खुंटी

दांडीला भरीव वेळू उत्तम. तीन वर्षांचा जून वेळू घ्यावा आणि तो पावसाळ्यात तोडू नये. कोवळ्या व ओल्या वेळूला भुंगा लवकर लागतो. दांडीची लांबी सव्वातीन फूट, म्हणजे ३९ इंच ठेवावी. भोपळ्याच्या तोंडाखाली सुमारे एक इंचावर समोरासमोर दोन भोके पाडायची. दांडी एका भोकातून आत घालून दुसऱ्यातून बाहेर काढायची. खालच्या बाजूला तिचे टोक इंचभर बाहेर राहू द्यायचे, त्याला तार बांधायची असते.

भोके दांडीपेक्षा किंचित लहान पाडावीत आणि कानशीने हळूहळू वाढवावीत. दांडी घट्ट बसली पाहिजे. सैल बसली तर तार छेडताच खरखर होते. मी सुतारदादांकडे जाऊन बसलो होतो. त्यांचा हात पाहण्यासारखा. कानशीचे चार फटके मारायचे आणि दांडी घालून पाहायची, पुन्हा चार फटके मारायचे. म्हणाले, "गुरुजी, लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही."

वरच्या टोकाला खुंटी बसते. ती शिसवीची किंवा जून सागवानाची असावी. तिला एका बाजूला निमुळते करतात, म्हणजे ती भोकात दाबली की घट्ट होते. तरीही नवी खुंटी सुटते आणि तार उतरते. त्यावर माझ्या शाळेतलाच उपाय चालला. खुंटीला खडू चोळा. खडूने ती घसरत नाही.

खुंटीच्या खाली दोन-तीन इंचांवर दांडीवर लाकडाची एक बारीक पट्टी चिकटवावी. तिला अटी म्हणतात. तार अटीवरून पुढे खुंटीला जाते. अटी आणि घोडी यांच्यामधली तारच काय ती बोलते.

चामडे, घोडी आणि जवारी

चामडे शेळीचे, पातळ घ्यावे. आमच्या भागात ढोलकी मढवणारे कारागीर ते देतात. ते रात्रभर पाण्यात भिजवावे. भोपळ्याच्या काठाला सरस लावावा. मग ओले चामडे तोंडावर ताणून बसवावे आणि काठाखाली सुतळीने आवळून बांधावे. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावे. उन्हात ठेवले तर एकीकडून आधी आवळते आणि फाटते. वाळल्यावर चामडे आपोआप ताणले जाते. बोटाने वाजवले तर टुम्म असा आवाज येतो.

चामड्याच्या मधोमध घोडी ठेवायची. ती चिकटवायची नाही. तारेच्या दाबानेच ती जागेवर राहते. तिची उंची पाऊण इंच पुरते. तिचा माथा धारेसारखा करू नका. तो बोटाएवढा रुंद आणि अगदी थोडा उतरता ठेवा. तार त्या माथ्याला पुढच्या बाजूला नुसती चाटून जावी. तशी ती चाटली की आवाजात एक झणकार येतो. याला जवारी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा घालायचा आणि तो मागेपुढे सरकवत जायचे. एका जागी झणकार एकदम उघडतो. ती जागा केसाएवढी असते. सापडेपर्यंत पुरी संध्याकाळ जाऊ शकते. पण अंगणात बसून तो धागा सरकवण्यासारखी दुसरी करमणूक मला या वयात ठाऊक नाही.

हे काम मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल तर मिरजेला जावे. तिथे दीडशे वर्षांहून अधिक काळ तंबोरे आणि सतारी तयार होतात. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर या कामाकडे वळले. त्यांना मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे त्या गावाचे नाव दुसऱ्या कोणी आपल्या मालाला लावायचे नाही, असे सरकारदरबारी नोंदले गेले. तिथल्या जवारी लावणाऱ्या कारागिराचे कान आणि कानस बरोबर चालतात. आपण हौशी माणसे. आपल्याला तेवढे साधणार नाही, पण आपल्या देवळापुरते साधते.

सूर कमी-जास्त कसा होतो

मी २८ नंबरची पोलादी तार लावली. वाद्यांच्या दुकानात ती मिळते. अटीपासून घोडीपर्यंत ३० इंच अंतर ठेवले. हा आकडा हिशेबाला सोपा आहे. फूटपट्टी घ्या. तारेच्या बरोबर मध्यावर, १५ इंचांवर बोट दाबून धरा आणि खालची अर्धी तार छेडा. तोच सा, पण वरच्या सप्तकातला ऐकू येईल. आता घोडीपासून २० इंचांवर दाबा. प ऐकू येईल. शाळेतले अपूर्णांक कशाला शिकायचे, असे पोरे विचारत. त्या वेळी माझ्याजवळ एकतारी असती तर बरे झाले असते.

तार आखूड केली की सूर चढतो. ताण वाढवला की चढतो. तार जाड घेतली की उतरतो. सूर खाली हवा असेल तर तार लांब किंवा जाड घ्यावी. नुसती सैल सोडू नये. सैल तार लोंबते आणि तिचा सूर टिकत नाही. बुवांचा सूर काळी एक. त्या सुराला तार सेकंदाला सुमारे १४० वेळा थरथरते.

रंगाने घात केला

आता माझी दुसरी चूक. २०२२ च्या उन्हाळ्यात मला पाहुण्यांकडून एक वाळलेला भोपळा मिळाला. सगळे नीट जमले. मग मला सजवण्याची हौस आली. दुकानातून तेलाचा रंग आणला. भोपळ्याला तांबड्या रंगाचे तीन हात दिले. तेवढ्याने भागले नाही. चामड्यावर पांढऱ्या रंगाने एक मोठे कमळ काढले. शेजारीपाजारी पाहायला आले. कोणी फोटो काढले.

बुवांनी ती हातात घेतली, सगळीकडून पाहिली. खांद्याला लावली, हाडाला टेकवली, छेडली. पुन्हा छेडली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, गोजिरी झालीय. पण बोलत नाही ओ."

खरेच ती बोलत नव्हती. रंगाने चामडे जड आणि ताठ झाले होते. ओले गोणपाट अंगावर घेतलेला माणूस नाचेल कसा? रंग खरवडून काढायला गेलो तर चामडेच फाटले. त्या दिवशी बुवांना मी आणखी एक वर्ष अंधारात ठेवले.

त्याच वर्षी गावच्या जत्रेत ऑर्केस्ट्रा आला होता. त्यात एक तरुण बास गिटार वाजवत होता. या गिटारीचा सूर फार खोल असतो. छातीत घुमतो. कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. तो म्हणाला, "आजोबा, ही मी घरीच बनवलीय." मी तिथेच बसकण मारली. आम्ही एकाच नादातले निघालो.

त्याने मला ती दाखवली. तिला चार जाड तारा. जाड का, तर तारेवर बारीक तारेचा वेढा दिलेला असतो. तार ३४ इंच लांब. सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळाच थरथरते. पूर्वी एवढ्या खालच्या सुरासाठी माणसाएवढे उभे वाद्य लागे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याने १९५१ साली ही हातात धरायची बास गिटार बाजारात आणली. त्या फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे ऐकून मला धीर आला. मलाही गाता येत नाही.

या गिटारीला भोपळा नाही. ती भरीव लाकडाची असते. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेटोळ्यात बारीकशी वीज उमटते. ती वीज कर्ण्याकडे जाते आणि तिथे आवाज होतो. म्हणून तिच्या लाकडाला रंग दिला तरी फारसे बिघडत नाही. तरीसुद्धा तो तरुण म्हणाला, "जिथं मान बसते त्या खाचेत मी रंग जाऊ देत नाही. सांधा नीट बसत नाही मग. रंग कुठं लावायचा नाही ते आधी ठरवायचं." त्यानेही पहिल्या गिटारीला घाईत जाड हात दिला होता. वरून वाळला, आत ओलाच राहिला. महिन्याने धरली तर अंगठ्याचा ठसा उमटला. त्याची गोष्ट ऐकून मला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

चपडीचा हात

तिसऱ्या एकतारीला मी चपडी वापरली. चपडी म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. लाख हा पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांपासून मिळते. ५० ग्रॅम चपडी ४०० मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये टाकून झाकण लावून रात्रभर ठेवावी. सकाळी हलवून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळावी.

हे स्पिरिट चुलीपासून आणि विडीपासून दूर ठेवा. ते भपकन पेटते. ते विषारी असते, म्हणून बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विष' असे लिहा. पोरांच्या हाताला लागेल असे ठेवू नका. ते पोटात गेले तर माणूस आंधळा होतो किंवा मरतो.

भोपळ्याला आणि दांडीला आधी घासकागद मारायचा, पहिल्यांदा जाडा, मग बारीक. धूळ पुसून घ्यायची. फडक्याचा बोळा चपडीत भिजवून पिळायचा आणि हलक्या हाताने एकदाच फिरवायचा. तिथेच मागेपुढे घासले तर आधीचा थर उखडतो. वाळला की बारीक कागद, आणि पुन्हा हात. दिवसाला दोनच हात द्यायचे. मी असे सहा हात दिले. भोपळ्याचा मूळ रंग मधासारखा उजळला. आतूनही एक हात दिला, म्हणजे कीड धरत नाही. पावसाळी दमट हवेत हे काम करू नये, थर पांढुरका पडतो. चामडे, घोडी आणि खुंटीचे भोक यांना मात्र चपडीचा थेंबही लागू दिला नाही. चामड्याला काठाशी कागद बांधून मगच बोळा हातात घेतला. आमच्या घरातून विचारणा झाली, "यंदा कमळ नाही काढायचं?" मी उत्तर दिले नाही.

२०२३ ची आषाढी २९ जूनला होती. आदल्या संध्याकाळी मी एकतारी देवळात नेली. बाहेर पाऊस होता. दमट हवेने चामडे सैल पडले होते. ते समईच्या उबेजवळ, हात पोळणार नाही इतक्या अंतरावर थोडा वेळ धरले. तार काळी एकला चढवली आणि धागा सरकवून झणकार उघडला.

बुवांनी दांडी खांद्याला लावली. कानामागे टेकवली. छेडली. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत, नुसते छेडत राहिले. मग म्हणाले, "हं. आता वाट दिसतीय." आणि पेटीवाल्याची वाट न पाहता त्यांनी सुरुवात केली.

भजन झाल्यावर तार थोडी उतरवून ठेवायला मी त्यांच्या नातवाला शिकवले. ताणलेलीच ठेवली तर चामडे घोडीखाली खचते. त्याने माझ्याकडे भोपळ्याच्या बिया मागितल्या. मी कागदाच्या पुडीत बारा बिया दिल्या. पुडीवर लिहिले, 'कडू. खायचा नाही. मृगात टोकणे.' खाली तारीख घातली.